मुक्त, खुलं की नुसतं मोफत? सॉफ्टवेअरच्या परवान्यांबद्दल

तळटीप (धागाकर्ता)

तीन वर्षांपूर्वी मी एक लहानशी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना जोडून वापरता येणारा कोड, लिहिली. तिचं काम एकच, मराठी शब्दांची यादी कोशाच्या क्रमानं लावून देणं. संगणकात अक्षरांना मिळालेल्या युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे क्रम लावला तर 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येऊन बसतो. मराठी कोशात तो 'ह'च्या नंतर असतो आणि त्याच्या मागून क्ष, ज्ञ. त्यात अनुस्वार, रफार, 'ॲ'नं सुरू होणारे शब्द. एकेक जोडाक्षर हातानं तपासत आठ महिने गेले. कोड सगळ्यांसाठी ठेवायची वेळ आली तेव्हा परवान्यांची, म्हणजे इतरांनी कोड कोणत्या अटींवर वापरावा ते सांगणाऱ्या मजकुरांची, यादी उघडली. सगळ्यात आखूड एमआयटी होता, तो निवडला. वर्णनात लिहिलं: 'मोफत मराठी क्रमवारी लायब्ररी'.

गेल्या महिन्यात एका कंपनीच्या उत्पादनात, परवान्यांच्या लांबलचक पानाच्या तळाशी, मला माझं नाव दिसलं. मी ते उत्पादन वापरून पाहिलं. 'ॲ'च्या बाबतीत माझ्या कोडमध्ये एक चूक आहे, ती तिथे दुरुस्त झालेली होती. मी पत्र लिहून ती दुरुस्ती मागितली. एका ओळीचं उत्तर आलं: आपली लायब्ररी मोफत आहे ना, मग अडचण काय?

त्यांनी नियम मोडलेला नाही, हे आधी स्पष्ट करतो. एमआयटीची अट एवढीच की मूळ सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. तो त्यांनी ठेवला. मला लागला तो शब्द. तो माझाच होता, मीच वर्णनात लिहिलेला, आणि तोच माझ्याकडे परत आला.

तेव्हापासून हे सगळे परवाने मुळातून वाचतोय. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात स्वातंत्र्यही आहे आणि फुकटही. त्यामुळे जीपीएलच्या (कोड बदलून वाटलात तर तोही स्रोतासकट त्याच अटींवर द्या, असं सांगणारा परवाना) प्रस्तावनेतच सांगावं लागलं आहे की आम्ही फ्री म्हणतो तेव्हा स्वातंत्र्याबद्दल बोलतो, किमतीबद्दल नाही. याउलट एमआयटीच्या पहिल्याच वाक्यात 'विनामूल्य' या अर्थाचे शब्द आहेत! आपल्या भाषेत मुक्त आणि मोफत असे दोन वेगळे शब्द आयते आहेत. जी गोष्ट त्यांना कायम तळटीप देऊन समजवावी लागते ती आपल्याला एका शब्दात सांगता येते. आणि तरी आपण बातम्यांत, पुस्तिकांत, माझ्यासारखे स्वतःच्या कोडच्या वर्णनात, 'मोफत' लिहितो.

मोफत म्हटलं की ऐकणारा फक्त स्वतःच्या खिशाचा विचार करतो. मुक्त म्हटलं की निदान प्रश्न तरी पडतो, कशापासून मुक्त, कोणासाठी मुक्त? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या व्याख्येतली चार स्वातंत्र्यं बघा (मोजणी शून्यापासून): कोणत्याही कारणासाठी चालवणं, आत काय चाललंय ते वाचून हवं तसं बदलणं, प्रती वाटणं, बदललेल्या प्रती वाटणं. किमतीचा उल्लेखही नाही. फाउंडेशनचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन स्वतः 1985 साली ईमॅक्स या आपल्या एडिटरची टेप 150 डॉलरला विकत होते, आणि ते पूर्णपणे त्यांच्या तत्त्वाला धरून होतं.

तुम्ही कोणता शब्द वापरता? आणि का?

---

जुना_टर्मिनल

चांगला विषय काढलात. थोडा इतिहास घालतो, कारण या शब्दांची भांडणं कुठून आली ते कळल्याशिवाय ती उगाच शब्दच्छल वाटतात.

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी एक सोय केली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना पडद्यावर निरोप जायचा, मग कोणीतरी उठून कागद काढायचं. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा स्रोत, म्हणजे वाचून बदलता येणारा मूळ कोड, मिळाला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्यानं गुप्ततेचा करार केला होता, त्यानं तोंडावर नाही म्हटलं. कागद अडकत राहिला आणि खालच्या मजल्यावर जाऊन बघेपर्यंत कोणाला पत्ता लागत नसे. हा सगळा व्याप त्या अडकलेल्या कागदातून निघालेला आहे, आणि त्यात पैशाचा प्रश्न कुठेच नव्हता. प्रिंटर प्रयोगशाळेचाच होता, दुरुस्त करू शकणारा माणूसही तिथेच बसलेला होता. फक्त हात बांधलेले होते.

27 सप्टेंबर 1983 ला ग्नू प्रकल्पाची, म्हणजे संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याची, घोषणा झाली, 1985 मध्ये फाउंडेशन, 1989 मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती, 1991 मध्ये दुसरी. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 1991 साली लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बाहेर काढलं तेव्हा त्यांचा स्वतःचा परवाना होता आणि त्यात पैसे घेऊन वाटायला बंदी होती. म्हणजे तळटीप यांच्या भाषेत ते मोफत होतं पण मुक्त नव्हतं! 1992 मध्ये त्यांनी जीपीएल घेतला आणि मग ते खऱ्या अर्थानं पसरलं. सीडी छापून विकणाऱ्यांनाही वाव मिळाला.

'ओपन सोर्स' हा शब्द बराच नंतरचा. नेटस्केपनं जानेवारी 1998 मध्ये आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला करणार असं जाहीर केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 3 फेब्रुवारीला, पालो आल्टोमधल्या एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी हा शब्द सुचवला. हेतू उघड होता: 'फ्री' ऐकून कंपन्या बिचकतात, त्यांना पटेल असा शब्द हवा. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह काढलं, आणि व्याख्या घेतली ती डेबियन या लिनक्सवरच्या प्रणालीच्या 1997 च्या मार्गदर्शक तत्त्वांवरून. म्हणून दोन्ही व्याख्यांत बसणारे परवाने जवळजवळ तेच आहेत. फरक कारणाचा आहे. एक म्हणतो असं करणं योग्य आहे, दुसरा म्हणतो असं केल्यानं सॉफ्टवेअर चांगलं बनतं.

मी स्वतः पहिल्या बाजूचा. सॉफ्टवेअर चांगलं बनो न बनो, कागद अडकल्याचं मला कळायला हवं.

---

उघडा_कंस

तळटीप, तुमच्या आठ महिन्यांबद्दल मनापासून आदर आहे, पण मी दुसऱ्या बाजूनं बोलणार.

स्वातंत्र्य द्यायचं आणि सोबत अट घालायची, हे मला कधीच पटलेलं नाही. माझं सगळं काम एमआयटी नाहीतर बीएसडी या बर्कली विद्यापीठाच्या तशाच सैल परवान्याखाली असतं. बर्कलीच्या लोकांनी नेटवर्कचा कोड असाच देऊन टाकला. तो सरकारी, खासगी, शैक्षणिक सगळ्यांनी उचलला, कोणी सांगून तर कोणी न सांगता. इंटरनेटची भाषा सगळीकडे सारखी राहिली त्यात त्या मोकळ्या हाताचा मोठा वाटा आहे. तिथे जीपीएल असता तर प्रत्येक कंपनीनं आपापलं वेगळं काहीतरी लिहिलं असतं.

आणि अटींचं असं असतं की त्या साठत जातात. जुन्या बीएसडी परवान्यात एक निरुपद्रवी वाटणारं कलम होतं: जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख केला तर विद्यापीठाचं नाव घ्या. मग दुसऱ्यांनी तेच कलम आपापल्या नावानं चिकटवायला सुरुवात केली. 1997 च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशी 75 वाक्यं मोजली गेली होती. मोजणारे होते स्टॉलमनच! बर्कलीनं शेवटी 1999 मध्ये ते कलम काढलं. एका ओळीची अट इतकी वाढते, तर जीपीएलची पानंच्या पानं?

तुमच्या कंपनीनं दुरुस्ती परत द्यायला हवी होती, हे शिष्टाचार म्हणून मला मान्य आहे. पण शिष्टाचार कायद्यानं वसूल करता येत नाही. ज्याला द्यायचं आहे तो देतोच. मी देतो.

---

तळटीप

@उघडा_कंस, तुमच्यासारखे सगळे असते तर मी हा धागा काढला नसता.

एक उदाहरण देतो. 2003 साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. लिनक्स जीपीएलखाली, म्हणजे विकत घेणाऱ्याला स्रोत मिळायलाच हवा. पाठपुरावा झाला, कंपनीनं स्रोत प्रसिद्ध केला. त्या स्रोतावरून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं आणि आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतं. कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली ती जुनी उपकरणं लोक त्याच्या जोरावर वर्षानुवर्षं वापरतात. तिथे तुमचा परवाना असता तर परवान्यांच्या पानावर आणखी एक नाव दिसलं असतं, बस्स.

तुम्ही अट म्हणता ती माझ्या मते घेणाऱ्यावरची अट नाहीच. ती घेणाऱ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. तुम्ही देता तेव्हा फक्त समोरचा हात बघता. जीपीएल त्या हातामागचा हातही बघतो.

---

वेलांटी

मी अनुवाद करते, मुख्यतः सॉफ्टवेअरच्या पडद्यांवरचा मजकूर आणि मदतीची पानं. या धाग्यातल्या जवळपास प्रत्येक शब्दाशी मी झगडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तळटीप, 'मुक्त' हा शब्द तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही. पहिली गोष्ट, तो समासात शेवटी आला की 'त्याशिवायचा' असा अर्थ होतो. कर्जमुक्त, व्यसनमुक्त, दोषमुक्त. म्हणून 'मुक्त सॉफ्टवेअर' सुटंच लिहावं लागतं, आणि 'मुक्त' आधीच यावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. 'ओपन सोर्स'ला आपल्याकडे रूढ झालेला शब्द कोणता? मुक्तस्रोत! ज्या लोकांनी 'फ्री' हा शब्द मुद्दाम टाळला त्यांच्या शब्दाचं भाषांतर आपण टाळलेल्याच शब्दानं केलं. 'मुक्त विद्यापीठ' मधलं मुक्तही 'ओपन' साठीच आहे. म्हणजे इंग्रजीत फ्रीमध्ये मोफत मिसळलं, तर मराठीत मुक्तमध्ये खुलं मिसळलं. जुना_टर्मिनल यांनी सांगितलेलं 1998 चं अख्खं भांडण मराठीत नीट सांगताच येत नाही, कारण दोन्ही बाजूंना आपण एकच झेंडा दिलाय. मी आता अनुवादात फ्रीला 'मुक्त' आणि ओपनला 'खुला' असं कटाक्षानं ठेवते. 'खुला स्रोत' सुरुवातीला कानाला खटकतं, पण दार खुलं असणं आणि घर आपलं असणं यातला फरक तरी कळतो.

तिसरा शब्द 'परवाना'. परवाना म्हटलं की वाहनाचा, दुकानाचा, बंदुकीचा. कोणीतरी वरचा देतो, मुदत असते, काढूनही घेता येतो. जीपीएल वाचणाऱ्या नवख्या माणसाला म्हणून वाटतं की कुठेतरी अर्ज करायचाय. मी एकदा 'परवानगीपत्र' लिहून पाहिलं. अर्थ जवळ आला, पण संपादकांनी परत परवाना केला. आता रूढ झालाय म्हणून वापरते, समाधान नाही.

आणि जीपीएलला 'व्हायरल' म्हणू नका, कळकळीची विनंती. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे वरिष्ठ अधिकारी तो शब्द वापरत होते, त्याच वर्षी त्यांच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. रोग न मागता लागतो. जीपीएलचा कोड कोणाच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप शिरत नाही, कोणीतरी तो स्वतःच्या हातानं घेतलेला असतो. जीपीएलच्या या अटीला, 'कॉपीलेफ्ट'ला, मी 'वारशाची अट' म्हणते. तुम्हाला जे मिळालं ते पुढे तसंच सोपवा. अजून चांगला शब्द कोणाकडे असेल तर द्या.

जाता जाता: आपण सगळे वापरतो त्या 'मुक्त' नावाच्या देवनागरी फाँटचा परवाना ओपन फाँट लायसन्स आहे. तो फाँट नुसता, एकटा विकायला मनाई आहे, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत देऊन ते विकता येतं. आणि त्यात छापलेला मजकूर छापणाऱ्याचाच राहतो, त्याला फाँटचा परवाना लागत नाही. ही शेवटची गोष्ट माहीत नसल्यानं छपाईवाले उगाच घाबरतात.

---

जुना_टर्मिनल

वारशाची अट. +१. मी हा उचलला.

---

अर्धविराम

मी नोकरीत परवाने तपासण्याचंच काम करतो. कोणत्या प्रकल्पात काय वापरलंय, काय चालेल, काय नाही. त्या बाजूनं थोडं.

'हे परवाने नुसते सद्भावनेवर चालतात' असं पुष्कळांना वाटतं. 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात ते खोडून काढलं. वाद होता मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, छंद म्हणून लिहिलेल्या. न्यायालय म्हणालं की परवान्यातल्या अटी या प्रताधिकाराशी बांधलेल्या आहेत, त्या मोडल्या तर प्रताधिकाराचा भंग होतो. त्याआधी 2004 मध्ये म्युनिकच्या न्यायालयानंही जीपीएल मान्य केला होता.

पण तळटीप, जीपीएल असता तरी तुमची दुरुस्ती तुम्हाला मिळालीच असती असं समजू नका. जीपीएल स्रोत द्यायला सांगतो तो ज्याला प्रत दिली त्याला, मूळ लेखकाला नव्हे. आणि त्या कंपनीचं उत्पादन सर्व्हरवर चालत असेल, लोक फक्त ब्राउझरमधून वापरत असतील, तर प्रत वाटलीच जात नाही. मग जीपीएल गप्प बसतो. ही फट बुजवायला 2007 च्या नोव्हेंबरमध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली: नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही बदललेला स्रोत उपलब्ध करून द्या. आमच्याकडे एजीपीएल दिसला की प्रकल्प थांबतो, वकिलांकडे जातो. अनेक ठिकाणी सरसकट बंदीच असते.

गेल्या काही वर्षांतली भांडणं याच फटीवरची आहेत. मोठे क्लाउडवाले खुले डेटाबेस घेऊन सेवा म्हणून विकायला लागले. 2018 मध्ये मॉंगोडीबी या डेटाबेस कंपनीनं एसएसपीएल हा नवा परवाना आणला: सेवा म्हणून विकणार असाल तर भोवतालची सगळी यंत्रणाही खुली करा. ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे तो मान्यतेसाठी गेला, विरोध झाला, 2019 मध्ये कंपनीनं अर्ज मागे घेतला. 2021 मध्ये इलॅस्टिक या शोधयंत्राच्या कंपनीनं आपला परवाना बदलला, तेव्हा जुन्या खुल्या कोडवरून ओपनसर्च वेगळं झालं. 2023 मध्ये हॅशिकॉर्पनं बदलला, ओपनटोफू निघालं. 2024 मध्ये रेडिसनं बदलला, व्हॅल्की निघालं. पुढे इलॅस्टिक 2024 मध्ये आणि रेडिस 2025 मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन परत आले.

या मधल्या परवान्यांना 'सोर्स अव्हेलेबल' म्हणतात. स्रोत दिसतो, पण हवा तसा वापरता येत नाही. वेलांटी यांच्या दाराच्या उपमेत सांगायचं तर दाराला काच आहे. हरकत त्या परवान्याला नाही, आपल्या मेहनतीचं काय करायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. हरकत आहे ती वर्णनात 'खुला' लिहिण्याला. माझ्या कामाचा निम्मा वेळ वर्णनात एक आणि परवान्याच्या फायलीत दुसरंच, हे शोधण्यात जातो.

---

उघडा_कंस

@अर्धविराम, इथे मी तुमच्यासोबत. मी अटी घालत नाही म्हणून ज्यानं घातल्या त्यानं खुला म्हणवून घ्यावं असं नाही. एआय मॉडेलांचं तेच चाललंय. मेटा कंपनीच्या लामा 2 च्या परवान्यात महिन्याला 70 कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्यांना वेगळी परवानगी मागावी लागते, आणि तरी त्याची ओळख खुलं मॉडेल म्हणूनच करून दिली गेली. इनिशिएटिव्हनं ऑक्टोबर 2024 मध्ये एआयसाठी वेगळी व्याख्या काढली, त्यात शिकवणीच्या मजकुराचा सगळा साठा देणं बंधनकारक नाही, त्याची सविस्तर माहिती पुरते. त्यावरून आमच्यातच दोन तट पडलेत. मला ती व्याख्या सैल वाटते. ज्यातून मॉडेल बनलं ते हातात नसेल तर ते बदलणार कशाच्या आधारानं?

---

नवीन_पान

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. एक शंका. तळटीप यांना आता परवाना बदलता येईल का? इतरांनीही त्या लायब्ररीत कोड दिला असेल तर सगळ्यांना विचारावं लागेल ना?

---

अर्धविराम

दिशेवर अवलंबून आहे. जीपीएलकडून सैल परवान्याकडे जायचं तर ज्यांचा ज्यांचा कोड आहे त्या प्रत्येकाची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं इंजिन 2011 मध्ये जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल रूपावर गेलं तेव्हा एकेका जुन्या लेखकाला शोधून विचारावं लागलं होतं. ज्यांचा पत्ता लागत नाही किंवा जे नाही म्हणतात त्यांचा भाग काढून पुन्हा लिहायचा.

उलट एमआयटीवरून जास्त अटींच्या परवान्याकडे जायला अशी संमती लागत नाही. एमआयटीच तशी मुभा देतो, फक्त जुनी सूचना तशीच ठेवायची. मात्र आधीची आवृत्ती ज्यांनी घेतली त्यांच्यासाठी ती एमआयटीच राहणार, कायमची. ती कंपनी जुन्या प्रतीवर आणखी वीस वर्षं काढू शकते.

---

तळटीप

धन्यवाद अर्धविराम, हेच विचारणार होतो.

कायद्यानं लागत नसलं तरी मी पाचही सहलेखकांना लिहिलं. चौघांचा होकार आला, पाचव्यांचा पत्ता बंद आहे. त्यांचं नाव आणि जुनी सूचना आहे तिथेच राहील.

जीपीएल घ्यायचा विचार होता, पण उघडा_कंस यांचं एक म्हणणं डोक्यातून गेलं नाही. क्रमवारीची लायब्ररी जितक्या जास्त ठिकाणी जाईल तितकं 'ळ' आपल्या जागी बसेल. बंद प्रोग्रॅममध्येही. म्हणून पुढच्या आवृत्तीसाठी मोझिलाचा एमपीएल 2.0 निवडला. त्यात अट फायलीपुरती आहे. माझी फाइल बदलून वाटलीत तर बदललेली फाइल त्याच परवान्याखाली द्या, बाकीचा प्रोग्रॅम तुमचा. सर्व्हरवरची फट यातही राहते, ते माहीत आहे. 'ॲ'ची दुरुस्ती मी स्वतः केली, दोन संध्याकाळी लागल्या.

वर्णनातून 'मोफत' काढला. आता पहिली ओळ अशी आहे: 'मराठी कोशक्रमासाठी मुक्त लायब्ररी. वापरा, बदला, विका. या फायलींत केलेली सुधारणा दुसऱ्याला द्या.'

---

वेलांटी

'दुसऱ्याला' नको, 'पुढच्याला' करा. आणि 'द्या'च्या आधी 'याच परवान्याखाली' हवं, नाहीतर लोक नुसती सुधारणा पाठवतील.

---

तळटीप

केलं.